खर्चाचा कागद वाचायला शिकू या

(रायपूर येथे रेल्वे व टपाल कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गात आम्हांला जो विषय दिला आहे तो कारखान्यांतील खर्चाच्या हिशेबाचा, म्हणजे ज्याला कॉस्ट अकाउंटिंग म्हणतात त्याचा इतिहास, असा आहे. विषय जाहीर होताच मागच्या बाकावरील काही मित्रांनी एकमेकांकडे पाहिले, हे आमच्या नजरेतून सुटलेले नाही. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेले. बिगारीपासून वर आलो, पुढे संघटनेच्या कामात पडलो. हिशेबनिसाचे शिक्षण आम्ही घेतलेले नाही. तरीही हा विषय आम्ही आनंदाने घेतला. कारण इतक्या वर्षांच्या वाटाघाटींत आमच्या मागण्या कायद्याच्या कलमांपुढे जितक्या पडल्या, त्याहून जास्त आकड्यांपुढे पडल्या, असा आमचा अनुभव आहे.

आपल्या रोजच्या जगण्यातील दोन उदाहरणे घ्या. काही वर्षांपूर्वी रेल्वेच्या तिकिटावर एक वाक्य छापून येऊ लागले. प्रवासाला जो खर्च येतो त्यापैकी सरासरी फक्त ५७ टक्के रक्कम रेल्वेला भाड्यातून मिळते, असे ते वाक्य. दुसरे उदाहरण टपालाचे. पन्नास पैशांच्या पोस्टकार्डामागे खात्याला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो, असे सांगणारे कोष्टक टपाल खात्याच्या वार्षिक अहवालांत छापले गेले. ही दोन्ही वाक्ये वाचून सामान्य माणूस काय समजतो? गाडीत बसणारा, पत्र पाठवणारा आणि ते काम करणारा कामगार, हे सगळे देशावरचे ओझे आहेत, असे समजतो. पण हे ५७ कोणी काढले, कसे काढले, हे विचारणारे आपल्यात किती निघतील?

आम्हीही एकेकाळी ते विचारले नव्हते. त्याची किंमत काय पडली ते आधी सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

एका कागदाची गोष्ट

एक दुरुस्ती कारखाना होता. नाव घेण्याची गरज नाही. तेथे वॅगनच्या दरवाजांची दुरुस्ती आमचे फिटर, वेल्डर आणि खलाशी करीत. एके दिवशी बैठकीत प्रशासनाने एक पानाचा कागद पुढे केला. आपणांस लक्षात राहावे म्हणून आकडे गोल करून सांगतो. घरच्या माणसांकडून एक दरवाजा दुरुस्त करायला १,००० रुपये खर्च येतो, ठेकेदार तेच काम ७०० रुपयांत करतो, म्हणजे दर दरवाजामागे ३०० रुपयांची बचत, असे त्यात म्हटले होते. त्यावर आम्ही काय केले? आम्ही भाषणे केली. कामगारांच्या कौशल्यावर बोललो, सुरक्षिततेवर बोललो, ठेकेदारीच्या दुष्परिणामांवर बोललो. सगळे खरे होते. पण हजार रुपये झाले कसे, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. इतिवृत्तावर सही करून आम्ही बाहेर आलो. पुढे ते काम गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी लेखा विभागातून निवृत्त झालेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांच्या घरी आमचे जाणे झाले. आम्ही त्यांना काका म्हणत असू. चहा पिताना काकांनी तो कागद पाहिला आणि विचारले, “अरे, या हजारात तुमच्या पोरांच्या हाताचे किती?” आम्हांला सांगता आले नाही. काकांनी मग पाठकोऱ्या कागदावर जे मांडून दाखवले, ते शेवटी सांगणार आहोत. त्या आधी असा कागद जगात आला कोठून, हे पाहू.

मातीच्या भांड्यांपासून पोस्टाच्या पत्रापर्यंत

इंग्लंडमध्ये जोसाया वेजवूड नावाचा मातीची उत्तम भांडी बनवणारा कारखानदार होता. १७७२ मध्ये तिकडे व्यापारात मोठी मंदी आली. भांडी खपेनात. तेव्हा वेजवूड आपल्या वह्या घेऊन बसला आणि एकेका भांड्याला माती किती, जळण किती, मजुरी किती, हे काढू लागला. त्याला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे त्याचे कारकून हिशेबात गोंधळ घालत होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भांडी दहा करा की हजार करा, भाडे, भट्टी, कारकून, देखरेख यांचा खर्च फारसा बदलत नाही. म्हणजे जास्त नग काढले तर एका नगावरचा हा बोजा कमी होतो. आज आपण ज्याला ओव्हरहेड किंवा वरकड खर्च म्हणतो, त्याची ओळख त्याला अशी संकटातून झाली.

टपाल खात्यातील बंधूंना पुढची गोष्ट विशेष आवडेल. १८३७ मध्ये रोलंड हिल यांनी ब्रिटिश टपालाच्या सुधारणेवर एक पुस्तिका लिहिली. तोवर पत्राचा दर अंतरावर ठरत असे आणि तो गरिबाला परवडत नसे. हिल यांनी हिशेब केला की लंडनहून एडिंबरापर्यंत एक पत्र वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च एका पेनीच्या छत्तिसाव्या हिश्शाइतकाच आहे. खरा खर्च वाहतुकीचा नसून पत्र घेणे, त्याचा दर लावणे, नोंदी ठेवणे आणि दारात पैसे वसूल करणे यांचा आहे. मग अंतराप्रमाणे दर कशाला? या हिशेबातून १८४० मध्ये एका पेनीचे एकसारखे टपाल आले. आपल्याकडे १८५४ च्या कायद्याने पाव तोळ्याच्या पत्राला अंतर न पाहता अर्धा आणा असा दर झाला, आणि १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. रायपूरहून नागपूरला असो वा कोलकात्याला, दर तोच.

बंधूंनो, हे ध्यानात ठेवा. खर्चाचा हिशेब हे जन्मतः मालकाचे हत्यार आहे, असे समजू नका. नीट केलेल्या एका हिशेबाने गरिबाच्या हाती पत्र दिले आणि पोस्टमनला काम दिले.

जेथे नफ्याची हमी, तेथे हिशेब कशाला?

आता रुळांकडे येऊ. आपल्या देशात पहिल्या रेल्वे कंपन्या आल्या त्या सरकारी हमीवर. गुंतवलेल्या भांडवलावर साधारण ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. कमी पडले तर ते हिंदी रयतेच्या करातून भरून द्यायचे. परिणाम काय झाला? डलहौसीच्या काळात मैलाला ८,००० पौंडांचा अंदाज होता. १८६८ च्या सुमारास प्रत्यक्ष खर्च मैलाला १८,००० पौंडांच्या आसपास गेला. ज्याला नफा आधीच बांधून दिला आहे तो खर्च कशाला मोजील? दादाभाई नौरोजींनी देशाबाहेर जाणाऱ्या संपत्तीचा जो हिशेब मांडला, त्यात रेल्वेच्या व्याजाचा मुद्दा होता. म्हणजे सरकारचा आणि भांडवलदारांचा हिशेब तपासण्याची परंपरा आपल्या देशात जुनी आहे.

आपल्या या भागातली गोष्ट पाहा. नागपूरहून राजनांदगावपर्यंतची मीटरगेज नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० ते १८८२ च्या दरम्यान झाली. छत्तीसगडचा तांदूळ आणि धान्य बाहेर काढावे, दुष्काळात हलवावे, हा त्यामागचा हेतू. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने ती लाईन घेऊन मोठी केली आणि पुढे नेली. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे नागपूर, भंडारा भागातून याच लाईनबरोबर इकडे आले. तेव्हा रायपूर मध्य प्रांतात होते. १९५६ पर्यंत राजधानी नागपूरच होती.

रेल्वेचा हिशेब पोलाद कारखान्यात कसा गेला?

कारखान्यांना खर्च मोजायला शिकवले ते मुख्यतः रेल्वेने, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. अमेरिकेत हजारो मैल रूळ, शेकडो स्टेशने, सगळीकडे पैसा येतो आणि जातो. मालकाच्या एका नजरेत ते मावेना. म्हणून टन-मैल हे माप रूढ झाले. एक टन माल एक मैल नेण्याला किती खर्च? आल्बर्ट फिंक नावाच्या इंजिनिअरने १८७४ मध्ये लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेचा खर्च शाखावार तपासला आणि दाखवून दिले की खर्चाचा मोठा भाग गाड्या वाढल्या-घटल्याने बदलतच नाही. रूळ, पूल, स्टेशने, भांडवलाचे व्याज हे असतातच. त्यामुळे सरसकट एकच टन-मैल खर्च सगळ्या शाखांना लावणे चूक आहे.

पेनसिल्व्हेनिया रेल्वेत तार बाबू म्हणून लागलेला एक पोरगा हे सगळे शिकला. त्याचे नाव अँड्र्यू कार्नेगी. पुढे त्याने पोलादाचा धंदा काढला. १८७५ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या कारखान्यात रेल्वेतूनच आणलेल्या माणसाने हिशेब बसवला. कोळसा, खनिज, चुनखडी, मजुरी, प्रत्येकाचा टनामागे खर्च कागदावर येऊ लागला. भट्टीभट्टीची, फोरमन-फोरमनची तुलना होऊ लागली. त्यातून पोलाद स्वस्त झाले, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच कागदावर मजुरीचा रकाना मालकाच्या डोळ्यांत सलू लागला. १८९२ मध्ये होमस्टेड येथे मजुरी कापण्यावरून टाळेबंदी झाली, गोळीबार झाला, माणसे मेली आणि संघटना मोडली. खनिजाचा भाव बाजार ठरवतो, भट्टीची झीज निसर्ग ठरवतो. ज्या रकान्यावर मालकाला थेट हात टाकता येतो तो मजुरीचा, हे कामगारांना तेव्हा कळले.

त्या काळात हे शास्त्र झपाट्याने वाढले. १८८७ मध्ये गार्के आणि फेल्स या दोघांनी कारखान्याच्या हिशेबावर पुस्तक लिहिले. फ्रेडरिक टेलरने घड्याळ लावून कामाचा वेळ मोजला. विसाव्या शतकाच्या आरंभी हॅमिल्टन चर्च नावाच्या इंजिनिअरने प्रश्न टाकला की वरकड खर्च कामावर वाटायचा कसा? बहुतेक कारखाने सोपा मार्ग घेत. मजुरी एक रुपया असेल तर त्यावर वरकड दीड रुपया किंवा दोन रुपये, असे ठोकळ प्रमाण लावत. चर्चचे म्हणणे असे की यंत्र महाग आणि माणूस स्वस्त अशा कामाला हे लागू पडत नाही. हाताने काम करणाऱ्याच्या डोक्यावर मोठ्या यंत्राचा खर्च बसतो. १९२३ मध्ये क्लार्क नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने सांगितले की वेगवेगळ्या निर्णयासाठी वेगवेगळा खर्च धरावा लागतो. किंमत ठरवताना एक, काम बंद करायचे की चालू ठेवायचे हे ठरवताना दुसरा. हे वाक्य आपण मनात कोरून ठेवावे.

मुंबईच्या गिरण्या आणि पाव आणा

आता आपल्या महाराष्ट्रात या. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत मॅनेजिंग एजंटांचे कमिशन कसे ठरत असे? नफा होवो न होवो, निघालेल्या सुताच्या पौंडामागे पाव आणा. गरिबाच्या पोस्टकार्डाची जी किंमत, तीच एका पौंड सुतावरची एजंटाची दस्तुरी. पुढे भागधारकांच्या ओरडीमुळे ही पद्धत बदलत गेली. पण गिरणीचा खर्च म्हटला की मजुरी, असे समीकरण मात्र पक्के झाले.

१९२७ मध्ये टॅरिफ बोर्डाने गिरणी धंद्याची चौकशी करून कार्यक्षमता वाढवण्याचा सल्ला दिला. जपानची स्पर्धा पुढे करून मालकांनी विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावे, कातणाऱ्याने दुप्पट बाजू सांभाळाव्या, अशा योजना आणल्या. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. सहा महिने गिरण्यांचे भोंगे थंड होते. त्यानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांची समिती बसली. तिच्यापुढे ना. म. जोशी, डांगे आदी पुढाऱ्यांनी कामगारांची बाजू मांडली. मालकांचे दरपत्रक, मागांची गती, सुताचा नंबर, धागे तुटण्याचे प्रमाण, यांवर प्रश्न विचारण्यात आले. घोषणा देणाऱ्या संपाला आकडेही वाचता येतात, हे मुंबईने तेव्हा दाखवले.

१९५० मध्ये गिरणी कामगारांच्या बोनसच्या तंट्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र घालून दिले. नफ्यातून घसारा, कर, भांडवलावरील परतावा वजा जाता जे उरेल त्यात कामगाराचा वाटा, असे ते सूत्र. १९६५ च्या बोनस कायद्यात तपासलेला ताळेबंद बरोबर मानावा असे कलम होते, पण त्यातील बाबींचा खुलासा मागण्याचा मार्गही कामगार संघटनेला त्याच कायद्याने ठेवला होता. किती संघटनांनी तो वापरला, हे आपण मनाला विचारावे. आपल्या रेल्वेत १९७९-८० पासून उत्पादकतेशी जोडलेला बोनस आला. त्यात वाहतुकीचे परिमाण धरले जाते. फिंकच्या काळातला टन-मैल टन-किलोमीटर होऊन आपल्या दसऱ्याच्या बोनसात येऊन बसला आहे.

स्वतंत्र भारतात

हिशेबाच्या या विद्येची संस्था आपल्याकडे १९४४ मध्ये कोलकात्यात नोंदली गेली. युद्धकाळात सरकार कारखान्यांकडून प्रचंड माल घेत होते. खर्च अधिक नफा अशा करारात खरा खर्च किती, हे पाहणारे लोक हवे होते. १९५९ च्या कायद्याने या व्यवसायाला वैधानिक दर्जा मिळाला. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विव्हियन बोस यांच्या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. हे बोस आपल्या नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, नंतर सर्वोच्च न्यायालयात गेले. एका बड्या उद्योगसमूहाच्या कंपन्यांतील पैशांची उलाढाल त्यांनी तपासली होती. त्या पार्श्वभूमीवर १९६५ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली. ठरावीक उद्योगांनी खर्चाच्या नोंदी ठेवाव्यात आणि सरकार सांगेल तेव्हा त्यांची तपासणी व्हावी, असे ठरले. सुरुवात सिमेंटपासून झाली. छत्तीसगड तर सिमेंटचे आगर. २०१३ च्या नव्या कंपनी कायद्यातही ही तरतूद १४८ व्या कलमात आहे. मात्र खर्च-तपासणीचा अहवाल सरकारकडे जातो. तो भागधारकांना वाटला जात नाही, मग कामगारांना कोण देणार? रेल्वे आणि टपाल ही तर सरकारी खाती. तेथे नियंत्रक व महालेखापरीक्षकांची तपासणी होते. परंतु शॉपमधल्या एका कामाचा खर्च कसा वाटला, हे त्या मोठ्या अहवालात दिसत नाही.

आता शेजारच्या भिलाईचे पाहू. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आपण ज्या रुळांवर काम करतो त्यांतले बहुतेक तेथलेच. या रुळांचा भाव दोन सरकारी घरांतला असल्यामुळे अर्थ मंत्रालयाच्या खर्च-सल्लागारांकडून खर्च तपासून तो ठरवण्याची पद्धत पडली. म्हणजे एकाच रुळाचा खर्च भिलाईला उत्पन्न म्हणून दिसतो आणि रेल्वेला बोजा म्हणून.

भिलाईचे लोहखनिज दल्ली-राजहरा येथून येते. तेथील कंत्राटी खाणकामगारांची संघटना १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्याच वर्षी जूनमध्ये गोळीबारात ११ जण मेले. पुढे प्रश्न आला यंत्रांचा. १९७८ मध्ये बैलाडिलात यंत्रे आल्यावर हजारो माणसे कामावरून गेली होती आणि तेथेही गोळीबार झाला होता. दल्लीत तेच होणार, असे दिसत होते. तेव्हा या संघटनेने नुसते ‘यंत्र नको’ म्हटले नाही. तिने अर्ध-यांत्रिकीकरणाची स्वतःची योजना मांडली. जड आणि धोक्याचे काम यंत्राने, निवडीचे काम हाताने. यात माल चांगला निघतो, खर्च कमी पडतो आणि माणसे कामावर राहतात, असे तिने हिशेबाने मांडले. मोठ्या यंत्राच्या भांडवलाचे व्याज, घसारा आणि सुटे भाग खर्चात धरले की स्वस्त कोण पडते, हा तो प्रश्न होता. दल्लीतले संपूर्ण यांत्रिकीकरण त्यामुळे बरीच वर्षे लांबले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींची हत्या झाली. त्यांच्या विचारांशी आपले सर्वांचे जमेलच असे नाही. पण निरक्षर खाणकामगारांच्या संघटनेने व्यवस्थापनाच्या हिशेबासमोर आपला हिशेब ठेवला, ही गोष्ट आपण शिकलेल्या कामगारांनी विसरू नये.

काकांचा पाठकोरा कागद

आता वचन दिल्याप्रमाणे दरवाजाकडे येतो. हजार रुपयांत मजुरी होती ३००, सामान २५० आणि वरकड ४५०. वरकड काढला कसा? मजुरीच्या दीडपट, ठोकळ. चर्चने शंभर वर्षांपूर्वी नावे ठेवलेली तीच रीत. त्या ४५० मध्ये साहेब लोकांचे पगार होते, इमारतीची डागडुजी होती, स्टोअर होते, क्रेन होती. दरवाजाचे काम ठेकेदाराकडे गेले म्हणून यांतले काय थांबले? फार तर वीज आणि किरकोळ, ५० रुपये. उरलेले ४०० चालूच. सामानापैकी १५० रुपयांचा पत्रा ठेकेदाराला रेल्वेच देणार होती. म्हणजे सामानात वाचले १००. आमची माणसे दुसऱ्या कामावर गेली म्हणून मजुरीचे ३०० वाचले असे आपण उदारपणे धरू. एकूण वाचले ४५०. ठेकेदाराला दिले ७००. कागदावर ३०० चा फायदा, प्रत्यक्षात २५० चा तोटा.

गोष्ट इथेच संपत नाही. ते न थांबलेले ४०० रुपये गेले कोठे? ते राहिलेल्या कामांच्या डोक्यावर बसले. पुढच्या वर्षी बोगीची दुरुस्ती महाग दिसू लागली. मग तिचाही कागद आला. असे एकेक काम बाहेर जाते आणि जे उरते ते आणखी महाग दिसते. १९८७ मध्ये जॉन्सन आणि कॅप्लन या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी एका गाजलेल्या पुस्तकात लिहिले की जुन्या ठोकळ वाटपामुळे कंपन्यांचे हिशेब निर्णयाच्या कामाचे राहिलेले नाहीत. त्यानंतर कोणत्या कामामुळे कोणता खर्च उद्भवतो, ते शोधून वाटण्याची नवी रीत आली. आम्हांला ते काकांनी चहाच्या कपाबरोबर शिकवले.

बोगीच्या वेळी आम्ही प्रश्न विचारले. तीन बैठका झाल्या. त्या कामाचा मोठा भाग आमच्याकडे राहिला. दरवाजांचे काम परत आले नाही. आमची सही त्या इतिवृत्तावर अजून आहे.

आता तिकिटावरचे ५७ टक्के पाहा. त्याच रुळांवरून कोरब्याचा कोळसा जातो आणि त्याच रुळांवरून पॅसेंजर जाते. रूळ, सिग्नल, पूल, स्टेशनमास्तर, ट्रॅकमन यांचा खर्च दोघांत किती-किती वाटायचा? २०२२ मध्ये कोळशाच्या रेकसाठी आपल्या झोनमधल्या अनेक प्रवासी गाड्या रद्द झाल्या, हे आपण पाहिले. ज्या पॅसेंजरला मालगाडीसाठी बाजूला उभे केले जाते, तिच्या थांबण्याचा वेळ कोणाच्या नावावर पडतो? वाटपाची रीत बदला, ५७ चा आकडा बदलेल. तो खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. तो माणसांनी ठरवलेल्या वाटपावर उभा आहे, एवढेच म्हणतो. आपल्या रायपूर-धमतरी छोट्या लाईनचेही तसेच. तोट्याची म्हणून ती कायम हिणवली गेली. पण धमतरीचा प्रवासी रायपूरला उतरून हावड्याची गाडी धरी, तेव्हा त्याचे मोठे भाडे मोठ्या लाईनच्या खात्यात पडे आणि छोट्या लाईनच्या वाट्याला येत चार पैसे. त्या मार्गाचे पुढे रुंदीकरण हाती घेतले गेले, त्याचे स्वागतच आहे. पोस्टकार्डाचेही तेच. पोस्टमन त्या गल्लीत जाणारच आहे. थैलीत स्पीड पोस्ट, मनीऑर्डर, पेन्शनचा कागद आहे. मग त्याच्या पायपिटीचा किती वाटा कार्डाच्या नावावर लिहायचा?

आपल्या हातचे

टाळ्या वाजवण्याआधी एक कडू गोष्ट ऐका. खर्चाचा कागद वर तयार होत असला तरी त्याचे पहिले अक्षर आपण लिहितो. जॉब कार्ड आपण भरतो. एका शॉपमध्ये आम्ही पाहिले आहे की ज्या वर्क ऑर्डरवर पैसे शिल्लक असतील तिच्यावर तास लिहायचे, अशी सवय पडली होती. सुपरवायझर सांगे, आम्ही लिहीत असू. वर्षअखेर एक काम नसत्या तासांनी फुगले आणि महाग ठरले. त्याचा दोष कोणाला द्यायचा? सॉर्टिंगमध्ये थैल्यांची मोजणी अंदाजे लिहिली तर तेथेही हेच होईल. खोटा तास आज सोयीचा वाटतो आणि उद्या आपल्याच पोराची जागा खातो. तसेच, खरोखर नासधूस होत असेल तर तीही आपण लपवू नये. सरकारी पत्रा पावसात गंजत ठेवून आपण ठेकेदारीविरुद्ध भाषण केले, तर ते कोणी ऐकणार नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने एवढे करावे. खर्चाचा कागद समोर आला की सही करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. पहिला, यात मजुरी, सामान आणि वरकड वेगवेगळे किती? दुसरा, वरकड कोणत्या प्रमाणाने वाटला आणि ते प्रमाण कोणत्या वर्षीचे? तिसरा, हे काम बंद झाले तर यातले नेमके काय थांबेल? चौथा, ठेकेदाराच्या दरात आपण पुरवणार ते सामान, वीज, जागा, तपासणी आणि नासलेल्या कामाची दुरुस्ती धरली आहे काय? पाचवा, न थांबलेला खर्च पुढच्या वर्षी कोणाच्या डोक्यावर जाईल? उत्तरे लेखी मागावीत. मिळाली नाहीत तर ‘उत्तर मिळाले नाही’ असे इतिवृत्तात लिहून घ्यावे. प्रत्येक शाखेत एक तरी तरुण या कामासाठी तयार करावा. आज संगणक आहेत, मुले शिकलेली आहेत. आणि आपल्या वस्तीत निवृत्त झालेले असे एखादे काका असतीलच. त्यांच्याकडे जावे. त्यांनाही बरे वाटेल.

वेजवूडने आपल्या वह्या उघडल्या त्याला अडीचशे वर्षे झाली. त्या वह्या तेव्हापासून बहुधा टेबलाच्या एकाच बाजूने वाचल्या गेल्या. आपण दुसऱ्या बाजूला बसतो. तेथून अक्षरे उलटी दिसतात, हे खरे. पण कागद फिरवून मागण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि तो मागितल्यावाचून यापुढे सही करायची नाही, एवढा निश्चय करून आपण येथून उठावे.